तीन गाड्यांचा मासा

बिराप्पा गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबायचा आणि डावीकडं बघायचा. डावीकडं कोणी नसायचं. फार तर एखादी शेळी असायची, नाहीतर चावडीचा खांब. हा मात्र तिथं कोणीतरी बसलंय आणि आता तोंड उघडणार आहे अशा रीतीनं बघत राहायचा. तेवढ्यात ऐकणाऱ्यांतला एखादा चिलीम भरून घ्यायचा, एखादा धोतर झटकून घरी जायचा. मग बिराप्पा भानावर यायचा आणि गोष्ट जरा पुढून धरायचा. मधला तुकडा गायब.

मी गुरांच्या बाजारातला दलाल. मधला तुकडा गायब असलेली गोष्ट मला सोसत नाही. बैल विकायला आलेला माणूस "घरचं वासरू हाय अण्णा, लहानपणापासून काही तक्रार न्हाई, निस्तं औंदा जरा" असं म्हणून थांबला की मी आधी बैलाचा मागचा पाय उचलून बघतो. शिंगाला तेल जास्त असलं तर का जास्त आहे हे विचारतो. बैल फार गरीब दिसला तर सकाळी त्याला काय पाजलं होतं ते विचारतो. माझी बायको म्हणते, हे भाकरीचेसुद्धा दात मोजून मग खातात. ते काही खरं नाही. मी भाकरी फक्त उलटून बघतो.

तेव्हा आमचा मुलूख निजामाचा होता आणि संशय घेणं हा काही माझा एकट्याचा धंदा नव्हता. आमच्या मुडबी गावात नवा माणूस आला की तो सरकारचा आहे का, आणि सरकारचा नसला तर मग कोणाचा, हे ठरेपर्यंत त्याला कोणी पाणी विचारत नसे. बिराप्पा तर नवाही नव्हता. तो गावचाच. धनगराच्या घरातला धाकटा, ऐन उमेदीत गाव सोडून गेला आणि कैक वर्षांनी एक दिवस कल्याणीच्या वाटेनं चालत परत आला. काळाठिक्कर पडलेला, तळहात चपलेच्या तळासारखे झालेले, आणि काखेत दोरीचं एक वेटोळं. बाकी काही नाही. आईबाप मधल्या काळात गेले होते. मेंढरं थोरल्या भावाकडं, माळप्पाकडं, गेली होती आणि ती परत द्यायचा माळप्पाचा विचार नव्हता.

"कुटं होतास रं इतकी वर्सं?" पाटलांनी चावडीवर विचारलं.

"दर्यावर," बिराप्पा म्हणाला.

मुडबीपासून समुद्र किती लांब आहे हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण तिकडं कोणी गेलंच नव्हतं. त्यामुळं हे उत्तर कोणाला पटायचं काही कारण नव्हतं. माळप्पानं दुसऱ्याच दिवशी सांगायला सुरुवात केली की भाऊ तुरुंगात होता. जनवाड्याच्या एका पाहुण्यानं त्याला खडी फोडताना पाहिलं होतं म्हणे. पाहुण्यानं पाहिलेला माणूस एका डोळ्यानं अधू होता आणि बिराप्पाचे दोन्ही डोळे शाबूत होते, पण तेवढ्यासाठी कोणी तुरुंग सोडून समुद्र पत्करायला तयार होईना.

बिराप्पाची हकीकत अशी. गाव सोडून तो हैदराबादेला गेला. तिथं एका अरबाच्या शेळ्या राखायला राहिला. अरबानं एक दिवस आपल्या मुलखाला जायचं ठरवलं आणि वाटेत दुधाची सोय म्हणून शेळ्या बरोबर घेतल्या. शेळ्यांबरोबर शेळीवाला आलाच. मुंबईहून जहाजात बसले. शेळ्या वाटेत एकेक करून कापून खाल्ल्या गेल्या आणि पलीकडच्या किनाऱ्याला लागल्यावर फक्त बिराप्पा उरला. शेळ्या नाहीत तर शेळीवाल्याचं काय करायचं? अरबानं त्याला मोती काढणाऱ्या बोटीवर देऊन टाकलं.

"तिथं का करायचास?"

"दोरी धरायचो."

पाण्यात बुडी मारणारा एक आणि वर त्याची दोरी धरणारा एक, अशी तिथं जोडी असते म्हणे. खालचा पायाला दगड बांधून तळाला जातो, शिंपले गोळा करतो आणि दम संपत आला की दोरीला हिसका देतो. हिसका आला की वरच्यानं ओढायचं. बिराप्पाचा खालचा माणूस मुबारक नावाचा एक हबशी होता. त्याला मुंबईकडची मोडकी हिंदुस्थानी यायची, बिराप्पाला हैदराबादी. तेवढ्यावर भागायचं.

इथवर गाव कसंबसं ऐकून घ्यायचं. पुढं जनावरं यायची आणि सगळं बिघडायचं.

समुद्रात गाय आहे, असं बिराप्पानं सांगितलं. तिला शिंगं नाहीत, पाय नाहीत, मिशा आहेत, आणि ती पाण्याखालचं गवत खाते. वासराला पंखाखाली धरून पाजते. सूप फेकावं तसा पाण्याबाहेर उडणारा एक मासा आहे. आणि एक मासा असा आहे की तीन रित्या गाड्या, जूसकट, एकामागं एक उभ्या केल्या तर तेवढा होईल. पाठीवर पांढरे ठिपके, आणि तोंड पोत्यासारखं सताड उघडं.

"मग माणसं खात असंल," पाटील म्हणाले.

"न्हाई पाटील. कुनाला काई करत न्हाई. तोंड उघडून पाणी आत घेतंय, बारीक सारीक खाऊन बाकीचं सोडून देतंय."

हे मात्र फारच झालं. समुद्रातली गाय एकवेळ चालली असती. पण एवढा मोठा असून कोणाला चावत नाही, असा प्राणी आमच्या कोणाच्या पाहण्यात नव्हता. आमच्याकडं तहसिलीतला शिपाईसुद्धा जरा मोठा झाला की चावायचा.

लोक हसले की बिराप्पा रागवायचा नाही. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "बघितलं तेवढंच बोलायलोय." हे तो शपथेसारखं म्हणायचा नाही, हिशेबासारखं म्हणायचा.

मी त्याची माझ्या परीनं परीक्षा घ्यायचं ठरवलं. पहिली गोष्ट, याला पोहता येतं का? मी त्याला विहिरीवर नेलं.

"उतर आत."

"मला पवायला येत न्हाई अण्णा."

"दर्यावर होतास म्हनं की."

"दोरी धरायला होतो. धरणाराच पाण्यात गेला तर वर कोण काढंल?"

उत्तर बिनचूक होतं, त्यामुळं माझा संशय वाढला.

त्याच सुमाराला पाटलांच्या घरचा तांब्याचा हंडा विहिरीत पडला. गावात बुड्या मारणारा एक किसन होता, तो अंगरखा काढून तयार झाला. बिराप्पा आपलं वेटोळं घेऊन धावत आला आणि नको नको म्हणत असताना किसनच्या कमरेला दोरी बांधून मोकळा झाला. किसन खाली गेला. त्यानं पाय झाडला, दोरी हलली, बिराप्पानं ओढलं. किसन वर. "कामून वढलास?" "तू हिसका दिलास." पुन्हा खाली, पुन्हा पाय झाडला, पुन्हा वर. विहिरीतून पोहरा शेंदावा तसा किसन शेंदला जाऊ लागला. शेवटी त्यानं वर येऊन दोरी सोडली, बिराप्पाला चार शिव्या घातल्या आणि घरी निघून गेला. हंडा मग बायकांनी गळ टाकून काढला. सगळं गाव हसत होतं. बिराप्पा दोरी वाळत घालत म्हणाला, "हिसका बसला की वढायचं. इचार करायचा न्हाई."

दुसरी परीक्षा माझ्या धंद्यातली. खोटं बोलणारा माणूस दर खेपेला माल वाढवतो. पहिल्यांदा बैल दोन मैल चालतो, पुढच्या बाजारात तोच बैल चार मैल चालतो. म्हणून मी महिन्या दोन महिन्यांनी बिराप्पाकडून मासा नव्यानं ऐकायचो. माझं बारीक लक्ष होतं. आणि एक अजब गोष्ट दिसली. याचा मासा वाढत नव्हता, लहान होत होता. तीन गाड्यांचा अडीच झाला. दिवाळीच्या आत दोन. माझा संशय आता पक्का झाला. आमच्याकडं जो आपणहून भाव उतरवतो त्याच्या मालात खोट असतेच असते.

गाय तर त्यानं केव्हाच सोडून दिली होती. "बरं, गाय ऱ्हाऊ द्या," असं तो आधीच सांगायचा.

याला कारण होतं. गावच्या शेळ्या राखणारा म्हातारा वारला होता आणि सगळ्यांच्या शेळ्या एकत्र राखायला माणूस हवा होता. बिराप्पाइतका तयार माणूस दुसरा नव्हता. शेळी लांबून बघून तो सांगायचा की ही उद्या विणार. राहायला घर नाही, भाऊ उंबऱ्यात उभा करत नाही, तेव्हा ती राखण मिळाली तरच तो गावात टिकणार होता. माळप्पा आडवा पडला. "तुरुंगातनं आलेल्याच्या हाती गावची शेरडं द्यायलाव का? आदी कुटं होता ते खरं सांगू द्या. असला मासा सांगणारा उद्या शेरडू इकून लांडग्यानं नेलं म्हणून सांगंल."

पाटील माझ्याकडं वळले. "अण्णा, खोटं तुमाला कळतंय. तुमी ठरवा."

आता हे चावडीवर, चारचौघांत ठरवायचं होतं. भर सभेत माणसाला आपला मासा लहान करायला लावणं बरं दिसत नाही. आमच्या बाजारात त्यासाठी चांगली रीत आहे. भाव तोंडानं बोलायचा नाही. विकणारा आणि घेणारा दोघांनी हातात हात घालायचे, वर उपरणं टाकायचं आणि खाली बोटं दाबून काय ते ठरवायचं. बघणाऱ्याला फक्त उपरणं हललेलं दिसतं. मी बिराप्पासमोर बसलो आणि खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं. एक बोट म्हणजे एक गाडी, असं त्याला हळूच सांगितलं.

त्यानं माझी तीन बोटं धरली. मी त्याचा हात झटकला आणि अर्धं बोट दाबलं. त्यानं दोन धरली. मी पुन्हा अर्धं. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. मी धंद्यात तोंडावर काही येऊ देत नाही. त्यानं एक बोट धरलं, बराच वेळ धरून ठेवलं. मी मान हलवली. शेवटी त्यानं माझं बोट सोडलं आणि अर्ध्या बोटावर अंगठा टेकवला, म्हणजे अर्धी गाडी.

मी उपरणं काढलं. "म्हशीएवढा," मी जाहीर केलं.

सगळ्यांना हायसं वाटलं. म्हशीएवढा मासा असू शकतो, पाटील म्हणाले. भीमेकाठच्या अफजलपूरला त्यांच्या मेव्हण्यानं वासराएवढा पाहिला होता, मग समुद्रात म्हशीएवढा का नसावा? माळप्पालाही बोलायला जागा राहिली नाही. बिराप्पाला राखण मिळाली. मारुतीच्या देवळामागं एक खोपट मिळालं. सौदा सगळ्यांच्या सोयीचा झाला होता आणि मी खूश होतो.

त्यानंतर बिराप्पानं मासा सांगायचं बंद केलं. कोणी मुद्दाम छेडलं तर "होता, म्हशीएवढा" एवढंच म्हणायचा आणि शेळ्यांकडं बघायचा. राखण मात्र चोख. एक शेळी कमी आली नाही, एक करडू दगावलं नाही. दोरीचं ते वेटोळं खांद्यावर असायचं. अवघड जागी करडू अडकलं की एक टोक त्याला बांधून दुसरं हातात घेऊन उगीच धरून बसायचा. लोक म्हणाले, सुधारला. मला ते पटलं नाही. चालणारं जनावर एकदम गप्प उभं राहिलं तर मी त्याला सुधारलं म्हणत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस दुपारी मी खोंड घेऊन तळ्याच्या बांधावरून येत होतो. तळं आटून मध्ये डबकं राहिलं होतं. बाभळीखाली शेळ्या रवंथ करत बसल्या होत्या आणि बिराप्पा त्यांच्यापुढं उभा राहून बोलत होता. मी बांधाआड थांबलो. चोरून ऐकणं हे माझ्या धंद्यात पाप नाही.

"तीन गाड्या," तो शेळ्यांना सांगत होता. "जूसकट. पाठ बोटीच्या कडंला आली, घोंगडीवर पांढरं दाणं टाकल्यावानी. नाखवा वराडतोय, वढ, वढ. म्या वढलं न्हाई. हिसका न्हाई तर कशाला वढू? दोरी त्याच्या पाठीला घासली. माज्या हाताला कळली, अशी. मुबारक खाली होता."

आणि तो थांबला. डावीकडं बघितलं. तिथं एक काळी शेळी कान हलवत बसली होती. तो तिच्याकडं बघत नव्हता, तिच्या जरा वर, माणूस बसला तर त्याचं तोंड जिथं येईल तिथं बघत होता.

माझ्या खोंडानं हुंदडून पाय आपटला. बिराप्पानं वळून मला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"म्हशीएवढा अण्णा," तो घाईनं म्हणाला. "म्हशीएवढाच होता."

मी खोंड बाभळीला बांधला आणि जाऊन बसलो. आणि नेहमीचा प्रश्न टाकला. त्याला अडकवायला मी दर खेपेला हाच विचारायचो.

"त्याचं पोट कसल्या रंगाचं होतं रं?"

"ते म्या बघितलं न्हाई."

दर खेपेला हेच उत्तर. इतके दिवस हे मी ऐकत होतो आणि आत्ता कुठं माझ्या टाळक्यात शिरलं. माझं सगळं आयुष्य खोटं बोलणाऱ्यांत गेलं. त्यांच्यातला एकही मला कधी "बघितलं न्हाई" म्हणाला नाही. खोटं बोलणाऱ्यानं सगळं बघितलेलं असतं. पोट विचारलं तर पोटाचा रंग सांगतो, वर शेपटाखालचा तीळ सांगतो.

"हितं गप कामून होतोस?" मी विचारलं. "मुबारक खाली होता म्हंतोस आन् गप."

"हितनं म्होरं मुबारकचं हाय."

"म्हंजी?"

बिराप्पा खाली बसला. दोरी मांडीवर घेतली. "त्यो खाली होता अण्णा. मासा आमा दोघांच्या मधात आला. म्या वरून पाठ बघितली, त्यानं खालून पोट बघितलं. डोळा बघितला. हात लावला म्हनं त्यानं. वर आला तर हसायलाय निस्ता. नाक दाबायचा चिमटा काडून मला म्हंतोय, देखा? म्या म्हनलो, देखा. मग रोज सांजच्याला बोटीवरली माणसं सांगा म्हनायची. म्या वरचं सांगायचो. मुबारक खाली होता, असं म्हनलो की त्यो म्हनायचा, हां. मग त्याचं चालू. त्याचं झालं की म्या, मग दोरीला हिसका बसला."

"मग त्याचं बी तूच सांगून टाक की. ऐकलंस की इतक्यांदा."

"मी कसं सांगू? मी वर होतो." तो थोडा वेळ दोरीचं टोक चाचपत राहिला. "बघितलं तेवढंच बोलायचं. त्यो कुटं हाय आता ठावं न्हाई. हंगाम सरला, बोट बंदराला लागली, ज्यो त्यो आपल्या वाटंनं गेला. त्यो तिकडं खालचं सांगत असंल. वरचं त्याच्याजवळ न्हाई. आन् माज्याजवळ होतं ते..." तो थांबला, पण या वेळी डावीकडं बघितलं नाही. "हितली माणसं बसतील, जवळ येतील, म्हनून कमी केलं अण्णा. करत करत इतकं कमी केलं की मुबारक आला तर वळकायचा न्हाई."

मी फार हळवा माणूस नाही. पण त्या उन्हात माझे डोळे चुरचुरले आणि ते धुळीनं झालं असं मी म्हणणार नाही.

मी खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याचा हात हातात घेतला आणि वर टाकलं. तिथं शेळ्यांखेरीज बघायला कोणी नव्हतं, तरी रीत ती रीत.

"सांग," मी म्हणालो. "खरं काय ते सांग."

त्याचा हात तसाच पडून राहिला. मग त्यानं चाचपत माझं एक बोट धरलं. मी हललो नाही. दुसरं धरलं. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग तिसरं धरलं आणि मी हात झटकायची वाट बघत राहिला.

मी तिन्ही बोटं त्याच्या मुठीत तशीच राहू दिली. "पटलं," मी म्हणालो आणि उपरणं काढलं.

"गाय बी होती अण्णा," बिराप्पा हळूच म्हणाला.

"मिशावाली?"

"व्हय."

"असू दे."

पुढच्या बाजाराला संध्याकाळी गुरांची वर्दळ सरल्यावर मी लिंबाखाली माणसं बसवली. दलालानं बसा म्हटलं की लोक बसतात, त्यांना वाटतं काहीतरी फायद्याचं असेल. पाटील होते, किसन होता, मागं उभा राहून माळप्पाही होता. मी सांगितलं की बिराप्पाच्या माशाचा भाव मी नव्यानं केला आहे, तीन गाड्या, आणि ज्याला घासाघीस करायची असेल त्यानं माझ्याशी करावी. मग मी बिराप्पाच्या डावीकडं जाऊन बसलो.

त्यानं सुरुवात चाचरत केली. माळप्पा एकदा खाकरला, मी त्याच्याकडं बघितलं, तो गप्प झाला. पाठ बोटीच्या कडेला आली, नाखवा ओरडला, दोरी घासली. बिराप्पाचे दोन्ही हात समोर आले आणि नसलेली दोरी धरून राहिले.

"मुबारक खाली होता," तो म्हणाला आणि डावीकडं बघितलं.

मी समुद्र पाहिलेला नाही. माशाच्या पोटाचा रंग मला ठाऊक नाही. पडताळून बघितल्याशिवाय कशाला हो म्हणायचं नाही, हा माझा जन्माचा नेम.

"व्हय," मी म्हणालो.

पुढं मला काही सांगता येण्यासारखं नव्हतं. माणसं चुळबुळ न करता बसून राहिली, कोणी चिलीमही भरली नाही. बिराप्पा माझ्याकडं बघत, मुबारकचं होईपर्यंत थांबला. मग तोंड समोर करून म्हणाला, "मग दोरीला हिसका बसला," आणि ओढू लागला.